सदतिसावी हार

प्रेस्टन. रात्रीचे पावणेदोन.
मीटरमध्ये दीड पौंड उरलाय, म्हणून हीटर बंद.
पांघरुणाबाहेर फक्त दोन अंगठे,
आणि समोर 'ग्रॅव्ही९९'.
गेम म्हणतो, हाही तुझ्यासारखाच नवशिका.

नवशिका!
माझी बाई कमरेवर हात ठेवून उभी,
तोवर पहिला ठोसा बसलासुद्धा.
मग हवेतच. खाली येऊ देत नाही मेला,
दांडीवरच्या ओल्या परकरासारखी झोडपतो –
नऊ, चौदा, एकवीस...
मोजायला तेवढा वेळ मिळतो.
सगळी बटणं एकदम दाबली,
तर बाईनं जागच्या जागी उडी मारली फक्त.

शाळेत कबड्डीला मला शेवटी घ्यायचे,
पण बाद झाल्यावर निदान
कोपराची माती झटकता यायची.
इथं नुसतं विचारतात, 'पुन्हा?'
आणि मी निर्लज्जासारखी हो म्हणते.

अडतिसाव्या वेळी काहीच केलं नाही.
मागचं बटण धरून बसले.
एक ठोसा अडला. दुसरा.
तिसऱ्यानंतर तो पळभर उघडा पडला
आणि मी लाथ घातली,
साधी, पहिल्या धड्यातली.
बसली!
वरून आयरीनबाईंनी काठी आपटली,
म्हणजे मी ओरडले असणार.

त्याची रेघ एवढीशी उरली,
अजून एका लाथेपुरती,
आणि पडदा काळा.
'समोरचा खेळाडू निघून गेला.'
असला विजय धरत नाहीत म्हणे.

सातला फार्मसी उघडायचीय.
अंगठा अजून मागच्या बटणावरच.