जिंचोगे

इतोए म्हणायची, याला हात लावायचा नाही.
एकदाच लावला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
फांदी मोडायला गेलो, ती मोडेना,
साल नुसती सुटत गेली दोऱ्यासारखी, लांबच लांब,
आणि मनगटावर आठ दिवस आग.
फेरीबोटीवर तिकिटं फाडताना लोक विचारायचे, हे काय?
बायकोचं झाड चावलं, म्हणायचो.

मग चाळीस वर्षं लांबूनच ओळख.
फेब्रुवारी सरत आलेला, थंडी हटायला तयार नाही,
मुकाइशिमाहून शेवटची बोट लावून
मी ओनोमिचीचा चढ चढायचो.
आमच्या दारापर्यंत एकशे बारा पायऱ्या.
नव्वदावीवरच वास गाठायचा:
लिंबाची साल, किंचित लवंग,
आणि त्यामागे अजून एक काहीतरी,
ज्याला मी नाव शोधत उरलेल्या बावीस पायऱ्या संपवायचो.

वीस-पंचवीस वर्षांत हे झाड जातंच.
त्याआधी ती फांदी लावून ठेवायची.
दारातलं हे दुसरं. पहिल्याचीच फांदी.
झाड एकच आहे, म्हणायची, कपडे बदलतं.

ती गेली ते मी इथे लिहीत नाही.
एप्रिल होता. फुलं आधीच झडली होती.

जूनच्या झडीत गॅसचं बिल शोधताना
हिशेबाच्या वहीत मागून लिहिलेलं सापडलं:
नवी फूट घे, चार बोटं पुरे.
खालची पानं काढ, वरची अर्धी काप.
तासभर पाण्यात. मग कानुमाची पिवळी माती.
सावलीत ठेव. हलवू नको.
हलवू नको, पुन्हा एकदा, खाली रेघ.
आणि शेवटी: हातमोजे घाल.

मी बराच वेळ उभाच होतो.
तिला तर हे सगळं पाठ होतं.
मग लिहिलं कुणासाठी?

तिच्या हातमोज्यात माझी तीनच बोटं गेली.
अंगठा आणि करंगळी बाहेर ठेवून
नऊ फांद्या लावल्या.
अंगठ्याला आग झाली. होऊ दिली.

ऑगस्टमध्ये दारातल्या झाडानं
एका आठवड्यात सगळी पानं खाली टाकली.
कुंड्या मी हलवल्या नाहीत,
अंगणाचा कोपरा झाडतानासुद्धा.
नवांतली दोन जगली.

नर्सरीवाला ओकिमोतो म्हणाला,
आपल्याकडे बहुतेक नरझाडंच, फळ धरत नाहीत.
बरंच आहे की, फळ भारी विषारी.
मी हो म्हणालो.
आम्हाला मूल नव्हतं, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

खालच्या घरातली मिहारु एक रोप मागायला आली
आणि कुंडीपाशी येऊन अडखळली.
वास आवडतो हो, कुरिमोतोसान,
पण कोहारु दिसेल ते तोंडात घालते.
ती तेव्हा माझी चप्पल चावत होती.
म्हटलं, घाई कुणाला आहे?
याला फुलायला तीन वर्षं तरी लागतील,
तोवर हिला अक्षरं येतील.

पाटी मात्र मी तेव्हाच लिहून ठेवली,
मुलांना वाचता येतील अशा मोठ्या गोल अक्षरांत:
वास घे. चाखू नकोस.
पहिल्यांदा लिहिली ती ओली असतानाच पुसली गेली.
दुसरीत ‘नकोस’ जरा वाकडं आलंय. राहू दे.

काल संध्याकाळी मुळा आणि टोफू घेऊन चढत होतो.
नव्वदावीवर सवयीनं थांबलो.
काही नाही.
शंभरावर नाही.
गुडघे दुखले म्हणून टेकलो, पुन्हा उठलो.

एकशेनववीवर आला.
रोप लहान आहे अजून.
पिशवी खाली ठेवली
आणि त्या तिसऱ्या वासाचं नाव
पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागलो,
आता तीनच पायऱ्यांत.