गंजीखेडी

देपालपूरच्या रस्त्यावर उतरलं
की अडीच कोस काळी जमीन तुडवायची,
मग दिसतात सोळा घरं.
सोळाच. मी दोनदा मोजली.
जनगणनेची ड्यूटी, मोजण्याचाच भत्ता.

गाव कसं वसलं, हा रकाना तक्त्यात नव्हता.
पण पायमोज्यांतली कुसळं वेचत पाणी पिताना
माणूस काहीतरी विचारतोच.

इथं म्हणे बीड होतं, सरकारी.
शेडा, पवन्या, उभा माणूस बुडेल एवढं गवत
पागेच्या घोड्यांसाठी राखलेलं.
दसरा सरला की कापणी, मग गंज्या,
आणि गंज्यांवर पहारेकरी एक:
सुभानजी पिसाळ, मूळचा माणकडचा,
पाय अधू झाला म्हणून घोड्यावरून उतरवून
घोड्यांच्या घासावर बसवलेला.

राज्य विलीन झालं. पागा मोडली.
घोडे कुठं गेले ते घोड्यांना ठाऊक.
इंदुरात दप्तरं बांधली, कुलपं लागली,
आणि ‘पहारा उठव’ एवढे दोन शब्द
सांगायचे कुणाकडून तरी राहून गेले.

तो बसून राहिला.
पगार येईना, तरी रोज पेंढ्या मोजायचा.
बायको त्यांना पूळे म्हणायची,
भांडण काय ते तेवढ्यावरून.
गेंदी तिचं नाव. घास कापायला आलेली,
टोळी परतली तेव्हा तापात मागे राहिलेली.

मग कुणी म्हशी घेऊन आला, विहिरीला पाणी आहे म्हणून.
एक न्हावी आला भावाशी बिनसलं म्हणून.
बाकीचे का आले, कुणाला नीट सांगता येईना.

बीड नांगरलं गेलं. आता सोयाबीन.
शेडा उरलाय बांधाच्या कडेला, बकरीपुरता.

शेवटच्या घरात धापूबाई. सुभानजीची चौथी.
धापू म्हणजे माळवीत धालो, पुरे झाल्या मुली.
हे तिनंच सांगितलं, हसत, दात नसलेलं.
जन्मठिकाण?
‘गंजीच्या सावलीत,’ ती म्हणाली,
माझ्याहून जुन्या मराठीत,
मग नातवाला माळवीत दटावलं, बकरी सोड म्हणून.
मी लिहिलं: गंजीखेडी, जिल्हा इंदूर.

निघताना तिनं हटकलं.
‘मास्तर, इंदुरास जाताच आहात
तर कचेरीत इचारा,
आमच्या बाबांचा पहारा उठला का.’

विचारतो म्हणालो.
कुठल्या कचेरीत,
ते तिला विचारायचं राहून गेलं.