रिकाम्याचं वजन

पहिल्यांदा आले तेव्हा कार्ड दिलं.
जाड, गुळगुळीत, कोपऱ्यानं बोट कापेल असं.
गयासोद्दीन इनामदार,
सीनियर व्हाइस प्रेसिडेंट, बिझनेस डेव्हलपमेंट.
मी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं,
डिझेलच्या दरांशेजारी,
आणि म्हटलं, गाडी पुढं घ्या साहेब,
मागं सळयांची लाईन लागलीय.

जालन्यात एमआयडीसीच्या तोंडाशी आमचा साठ टनी काटा.
माझं काम दोन आकड्यांचं.
भरलेली गाडी, रिकामी गाडी.
उरतो तो माल.
माणसंही मी अशीच वजा करत आले,
सासरच्यांना सुद्धा.

ह्यांची वजाबाकी जमेना.
शर्ट इस्त्रीचा, बुटांवर मिलची काळी पपडी.
एक फोन इंग्रजीत, दुसरा हिंदीत,
तिसरा आईला: "हौ अम्मी, खाना हो गया,"
आणि हातातला बिस्किटपुडा अजून फोडलेला नाही.

विचारलं एकदा, डेव्हलपमेंट म्हणजे नेमकं करता काय?
म्हणाले, इथून मोसंबी दिल्लीला जाती.
येताना गाडी काय आणती?
धूळ, म्हटलं.
तेच.
ती धूळ उतरवायचा पगार आहे मला.
आधी क्लीनर होतो,
तेव्हा फडक्यानं उतरवायचो.

पुढचं कळत गेलं ते ड्रायव्हरांकडून.
की परतूरचा संतराम हिवाळे नागपुरात अडकला
तर ह्यांनी अर्धी रात्र फोन लावले,
आणि मिळाले काय, तर संत्र्याचे रिकामे क्रेट,
भाडं सांगितलं तर हसाल.
पण गाडी मोकळी आली नाही.
की एक मोठं टेंडर चौदा पैशांनी गेलं,
आणि ते चौदा पैसे अजून
कुठल्याही बोलण्यात मध्येच येतात,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसे.
की चिडले की तोंड फार घाण.

हे तर मीच ऐकलं.
बुकिंगच्या पोराला सगळ्यांसमोर असं बोलले
की मी खिडकी लावून घेतली.
पोरगा दोन दिवस आला नाही.
तिसऱ्या दिवशी साहेब कादराबादच्या बोळात,
कार शिरेना म्हणून पायी.
माफी मागितली का, ते पोरगा सांगत नाही.
चहा तीनदा झाला म्हणतो.

आणि ड्रायपोर्टचा विषय निघाला की लहान मूल.
अगं, टँकरची वाट बघणारं गाव हे,
आणि आपल्याकडं बंदर!
समुद्र बघितलाय का तुम्ही, मी विचारलं.
कंटेनर बघितलेत की, म्हणाले.
आतून वास येतो.

मग मे महिन्यात एका संध्याकाळी
चालतच आले. गाडी नाही, ड्रायव्हर नाही.
पुण्याला बोलावलंय, म्हणाले, वरच्या पदावर.
काहून तोंड पाडलं मग?
उत्तर न देता थेट काट्यावर जाऊन उभे राहिले,
ट्रकच्या जागी, मधोमध.
तोल मला.

लाल आकडा थरथरला, थांबला. ऐंशी.
त्यांनी खांद्यावरची बॅग काढली,
काट्याबाहेर नेऊन ठेवली, परत उभे राहिले.
ऐंशी.
बघ, म्हणाले, उतरवून पण फरक नाही.
साहेब, काटा दहाच्या पटीत बोलतो,
मधलं त्याला दिसत नाही.
ते आकड्याकडं बघत राहिले बराच वेळ.
मागून एका ट्रकनं हॉर्न दिला.
मग बरंय, म्हणाले.

पावती फाड म्हणाले, फाडली.
गाडी नंबरच्या जागी रेघ मारली.
मालाच्या जागी पेन थांबलं.
राहू दे तसंच.
पैसे नको म्हटलं तर ऐकेनात,
साठ रुपये, त्यात चिल्लरच जास्त,
मोजून ठेवले काचेवर,
नेमके कार्डावर.

दुसरी प्रत माझ्याकडं आहे.
कार्बन जुना होता, नीट उठलं नाही.