अर्ध्यावरून परत

ल्युब्लियानात नोव्हेंबरभर धुकं नदीच्या अंगातून उठतं
आणि न विचारता प्रयोगशाळेच्या तळघरात येतं.
झार्या कोट काढत नाही.
तिच्यापुढे चुंबकाच्या दोन जबड्यांत
नखाएवढा एक तुकडा:
निकेल, मँगनीज, थोडं इंडियम.
दाताच्या डॉक्टरसारखी ती वाकून बघते.

पहिल्यांदा क्षेत्र चढवलं तेव्हा
तुकडा पावणेसहा अंशांनी गारठला.
वायू नाही, कॉम्प्रेसर नाही, गुरगुर नाही;
नुसते अणू जागचे जरासे सरकले
आणि उष्णता गिळून बसले.
लोव्रोनं टाळ्या वाजवल्या. तो नवा होता.

दुसऱ्यांदा: सव्वा.
तिसऱ्यांदाही सव्वाच.

ओझबाल्टनं हा तुकडा नऊशे अंशांच्या भट्टीतून काढून
चर्रकन पाण्यात बुडवला होता.
तो म्हणाला, आपल्या लग्नात एकदाच नाचलेला माणूस आहे हा.

फ्रिजला मात्र सेकंदासेकंदाला नाचावं लागतं,
वर्षानुवर्षं, दूध नासू न देता.

आपण कुणाला हिणवायचं तर म्हणतो
ये रे माझ्या मागल्या,
पहिले पाढे पंचावन्न.
तळघरात तीच प्रार्थना होती.
ये. होतास तिथे, तसाच ये.

पण जायची वाट एक, यायची दुसरी.
मधल्या जागेत सगळे कष्ट सांडतात
आणि आलेखाचं पोट फुगलेलं दिसतं.
दर खेपेला तुकड्याला मूळपदावर आणायला
द्रव नायट्रोजनचा थंड शेक.

सतरा महिने.
निकेल चिमूटभर कमी, कोबाल्ट कणभर जास्त.
दोन रचना भेटतात त्या रेषेवर
कापड ताणल्यासारखं काहीतरी ताणतं, चुणी पडते.
झार्याची आत्या कोचेव्येत कपडे शिवायची.
बाही खांद्याला बसेना तर ती म्हणे,
बाहीला बोल लावू नकोस, टाका उसवून बघ.

मग एका गुरुवारी वरच्या मजल्यावर कुणी केटल लावली
आणि चुंबकाची वीज गेली.
क्षेत्र अर्ध्यावर चढलं होतं, तिथूनच कोसळलं.
झार्यानं लोव्रोला ऐकू जाईल अशी शिवी हासडली.
नंतर आकडा पाहिला.
तीन अंश उतरला होता तुकडा,
आणि तीन अंश परत आला होता.

तिनं मुद्दाम पुन्हा अर्ध्यावर सोडलं.
तीन.
पुन्हा.
तीन.

पुरता बदलून गेला की
परतीचं पहिलं पाऊल टाकायला आत कुणी उरत नाही.
आता जुन्या रचनेची बेटं शिल्लक होती,
सीमा फक्त त्यांच्या काठानं पुढेमागे सरकत होती,
ओहोटीच्या वेळी वाळूची सरकते तशी.

ओझबाल्टनं हिशेब केला:
म्हणजे निम्माच गारवा.
हो, झार्या म्हणाली, पण रोजचा.
तो काही बोलला नाही. भट्टी लावायला गेला.
त्याला निम्मं पटत नाही,
सुपात सुद्धा.

रात्री यंत्र एकटंच मोजत राहिलं.
शेवटची बस धुक्यातून गेली, तेव्हा फेरा चारशे बारावा.
सकाळी लोव्रोनं वही उघडली:
तीन, तीन, तीन, पानभर तीन,
आणि तळाशी, चार हजार अकराव्या फेऱ्याला,
दोन पूर्णांक नऊ.

झार्यानं त्यापुढे पेन्सिलीनं
लहानसं प्रश्नचिन्ह काढलं
आणि पहिल्यांदाच कोट काढून
खुर्चीच्या पाठीवर टाकला.