सेटर

मुलगी बघायला गेलो तेव्हा
तिच्या मामांनी विचारलं, करता काय?
म्हटलं, सेटर आहे. सातपूरला, सीएनसीवर.
मामा पाटावरून पुढे सरकले,
आवाज उतरवून म्हणाले,
मग आमच्या पोराचं महापालिकेत काही सेटिंग...

चहाच्या ट्रेमागे जी हसू दाबत होती
ती हेमलता.
लग्नात आम्हाला तीन लेमन सेट आले.
दोन अजून खोक्यात आहेत.

काम तसं सोपं.
मशीनला काही म्हणजे काही माहीत नसतं.
हवा कुठे संपते, लोखंड कुठे सुरू होतं,
कुणीतरी टेकवून दाखवावं लागतं:
हा तुझा शून्य. इथून मोज.
टूलखाली कागदाचा कपटा सरकवत राहायचं,
अडला की थांबायचं.
मग ती रात्रभर चुकत नाही.
चुकलीच, तर शून्य चुकलेला असतो
आणि शिव्या सेटरला.

मोहाडीहून चुलतभावाचा फोन,
सेटिंग झाली रे, एक नंबर!
मला वाटलं, जमलं याचं कुठेतरी, पेढे कधी म्हणालो.
तो द्राक्षाच्या मण्यांबद्दल बोलत होता.
फुलोरा गळून मणी धरले होते,
मोहरीएवढे.

कार्बन नाक्यावर जुने मित्र भेटतात,
काय मग, सेट ना आता?
मी हो म्हणतो.
हप्ता, फ्लॅट, पोरीची शाळा,
हात खिशात घालून हो म्हणतो.

वडिलांचं बोट प्रेसमध्ये सापडलं होतं,
मी सातवीत.
डॉक्टर म्हणाले, हाड सेट झालंय,
थोडं डावीकडे राहील.
पुढे अण्णांनी बोट करून जे जे दाखवलं,
रस्ता, घर, पपया नर्सरीपाशी उभा असलेला माणूस,
त्यातून मी पाच अंश वजा करायला शिकलो.
ऑफसेट म्हणतात त्याला.
ते गेल्यावरही सवय मोडलेली नाही.

हेमलता सेटला बसते.
प्राध्यापक व्हायची ती परीक्षा,
विषय मराठी, वेळ चौथी.
मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेली
आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही,
फक्त कुकरशी.

तिसरी पाळी करून श्रमिकनगरला येतो
तेव्हा ओट्यावर पातेलं, वर ताटली.
मुलगी झोपेतच बजावते,
बाबा, हलवू नका, दही सेट होतंय.
आतल्या खोलीतून आई,
सेट काय होतंय? दही लागतं.
मग अंधारातच ती सुरू होते:
ठेच लागते. तहान लागते.
तुझ्या बापाला लागलं तेव्हा तुला नोकरी लागायची होती.
लळा लागतो, वाट लागते, दृष्ट लागते,
डोळा तेवढा लागत नाही मेला.
तुमच्या त्या एका शब्दाला कशाला एवढा मान?

टेबलावर हेमलता पुस्तकावर डोकं ठेवून.
खूण म्हणून घातलाय
माझ्याच खिशातला कागदाचा कपटा,
तेलाचं बोट उमटलेला.
मी दिवा मालवत नाही.

आई विचारते, लागला का रे तिचा?

नाही, म्हणतो.
अजून नाही लागला.