रकाना सात

विट्यात, पतसंस्थेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल आहे. पाटी मुद्दाम लावलेली नाही.
येणारे खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारतात,
'ते डोक्याचं... ते कुठं?'
तो कागद मोजता मोजता
नुसतं बोट वर करतो.

उपचार मी करत नाही.
मी नाव लिहिते, वय, गाव, सोबत कोण,
कधीपासून, आधी कुणाला दाखवलं
(डॉक्टरच्या आधी देवऋषी असतो, मी दोघांनाही लिहिते, आले त्या क्रमाने)
आणि मग रकाना सात :
तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत.
जागा दीड ओळ.

दीड ओळीत काय काय मावलं आहे.
'डोस्क्यात मुंग्यांचं वारूळ.'
'पोरगी पाजायला घेतली की माझी वाटत न्हाई.'
'मला काय न्हाई, मालक चल म्हटलं म्हणून आले.'
आणि गलाईवरनं परत आलेला एक, कोईमतूरहून,
बोटं तेजाबानं पिवळी पडलेली :
'सोनं वितळतं तसा वितळतोय, पण खाली मूस न्हाई.'

नवी होते तेव्हा मी हे सगळं शुद्ध करायची.
निद्रानाश. चिंता. उदासीनता.
देशिंगकर मॅडमनी फॉर्म परत पाठवला,
'हे तुमचे शब्द झाले. त्यांचे कुठे गेले?'

मंगळवारी दिलावर मोमीन, वय बावन्न,
काम यंत्रमागावर. सोबत पत्नी जैबून.
बोलली तीच.
'कान गेलेत ह्यांचे. मिरजेला दाखवलं,
मशीन बसवलं, साडेअकरा हजार!
तरी हाक मारली की भलतीकडंच बघतात.'
तिचं संपेपर्यंत तो गप्प होता.
मग कानातलं मशीन काढून
त्यानं माझ्या फॉर्मवर ठेवलं, शेंगदाण्याएवढं,
आणि म्हणाला,
'हे काढलं तरी येतंय ऐकू.'

जैबूनचा हात पिशवीत होता, तिथंच राहिला.
मी मशीन जरा बाजूला सरकवून
ते तसंच्या तसं लिहिलं.

बारावा प्रश्न गावाचं नाव विचारावं
तशा आवाजात विचारायचा असतो.
जीव नकोसा वाटतो का, तसं काही मनात येतं का.
चार वर्षं झाली, अजून त्याआधी
मी पेनाला टोपण लावते आणि काढते.
विचारला. त्याला ऐकूच गेला नाही.
मागच्या बोळात पन्नास माग खडखडत होते
आणि हा प्रश्न ओरडून कसा विचारायचा
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

जैबून वाकली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन
तिनं तो तिच्या शब्दांत विचारला.
कोणत्या, ते मला कळलं नाही.
तो तिच्याकडे बघत राहिला.
नाही म्हणून मान हलायला लागली
आणि मध्येच थांबली.

मी बाराभोवती लाल गोल केला.
म्हणजे गुरुवारच्या डॉक्टरची वाट बघायची नाही,
आजच, आत्ताच, मॅडमकडे.

तेवढ्यात लाइट गेली.
एकेक करत सगळा बोळ गप्प झाला.
दिलावरनं बोट उचललं. 'आता,' म्हणाला, 'आता बघा.'
मी ऐकलं. खाली कुणीतरी शिक्का मारत होतं, बाकी काही नाही.

आणि सव्वीस वर्षं मागांच्या वरचढ बोललेली जैबून,
तिला आवाज खाली घेता आला नाही,
'मलापण झोप न्हाई! आठ म्हैनं झालं!'
खालचा शिक्का थांबला.
तिनं तोंडावर पदर घेतला.

मी दुसरा फॉर्म काढला.
नाव. वय तिला नक्की माहीत नव्हतं, अंदाजे लिहिलं.
सोबत कोण : दिलावर, पती.
तो मशीन कानात परत घालत होता, उलटं.
तिनं ते त्याच्या हातातून घेतलं, पदराला पुसलं,
सुलटं बसवलं,
आणि माझ्याकडे वळून म्हणाली,
'हां, लिहा.'