चावी

आमच्या लॅबमध्ये केळीची आई एकच,
बाटल्यांत तिची हजारो लेकरं,
सगळी एका उंचीची, एकाच हप्त्यात निसवणारी.
तरी रावेरच्या शेतात, ठिबकच्या शेवटच्या नळीशी
एखादं झाड कलतंच.

मी आठ तास स्टुलावर, चिमटा स्थिर.
टेबलाखाली पाय मात्र
आपला आपण हलतो.
सासू म्हणायची, पाय हलवू नये, लक्ष्मी जाते.
ती आली कधी होती?

वडील सुपडू, रेल्वेत चावीवाले.
भुसावळ ते वरणगाव रुळाच्या चाव्या ठोकत चालायचे.
रिटायर झाले, दुसऱ्या पहाटे
हातोड्याशिवायच निघाले.
आम्ही म्हटलं, सवय.
आई म्हणाली, "कसली सवय?
बोहल्यावरबी पाय ठरत नव्हता त्याहिचा."

माझी हिमांगी मे महिन्यात, तव्यासारख्या अंगणात
चकरा मारते. आजोबांना तिनं पाहिलेलं नाही.
धाकटा लोकेश खाटेवर,
पंख्याची पाती मोजत.
ऊठ रे, धाव जरा, मी वर्षभर ओरडले,
जणू मी माझी भिंगरी
कष्टानं कमावली होती.
कुणीतरी माझ्यात चावी भरून ठेवली,
त्याच्यात भरायची राहिली
किंवा वेगळीच भरली.

काल संध्याकाळी त्याला चालायला नेलं.
स्टेशनपर्यंत आला, बाकावर बसला.
हिमांगी फलाटाच्या टोकापर्यंत पळून परत आली.
तो तळहात लोखंडावर ठेवून गप्प,
मग म्हणाला, "गाडी येतेय."

सिग्नल अजून लाल होता.